दिवसाला चाळीस चेहरे

३ फेब्रुवारी, मंगळवार

चाळीस झाले. एकेचाळिसाव्याला पाटी आली — "आजची मर्यादा संपली आहे. कृपया उद्या प्रयत्न करा." उद्या! ज्याने ही पाटी लिहिली त्याच्या घरातलं कोणी हरवलेलं नसणार.

हिशेब केला. नोंदी अठ्ठावन्न हजार. दिवसाला चाळीस. चार वर्षं लागतील. आईला एकाहत्तरावं चालू आहे.

दहा दिवसांपूर्वी अशी काही नोंदवही आहे हेही माहीत नव्हतं. पोलीस ठाण्यातला कारकून टेबलावर पेन शोधता शोधता म्हणाला, "ती अनोळखी माणसांची साइट बघितलीत ना? फुकट आहे, कोणालाही बघता येते." अकरा महिने त्याच टेबलापुढे आम्ही हेलपाटे घालतोय, आणि हे तो आत्ता सांगतो! दवाखान्यांत, निवाऱ्यांत आणलेली, स्वतःचं नाव सांगता न येणारी माणसं. देशभरातली. फोटो, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, खुणा. सगळं मांडून ठेवलंय.

बाबा त्यातच असतील. असायलाच हवेत.

४ फेब्रुवारी

चाळीस. नाहीत.

५ फेब्रुवारी

चाळीस. तेविसाव्या फोटोला खुर्चीतून उठलेच. नाहीत. कान वेगळे.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज आईला सांगितलं. सांगणार नव्हते — उगाच आशा लागायची. पण ती मागे येऊन उभीच राहिली, हातातल्या ओल्या कपड्यांसकट. "हे कोण?"

मग खुर्ची ओढून बसली. एकेका फोटोवर शेरा! "हा चिडका दिसतो. ह्याची बायको सुटली म्हणत असेल." पुढच्या बाईला बघून मात्र जवळ वाकली. त्या बाईचे केस कोणीतरी नुकतेच विंचरले होते, फोटोसाठी. मधोमध भांग, नीट. "कोणी विंचरले असतील गं?" म्हणाली. मी म्हटलं, नर्सने. "चांगली असेल पोरगी."

चाळीस दहा मिनिटांत संपले. आईला वाटलं मीच बंद केलं. "अजून दाखव की." मर्यादा आहे म्हटलं. "माणसं बघायला कसली मर्यादा?"

साइटवर शोधायची सोयच नाही. नंबर लावलेत ते नोंद चढवल्याच्या क्रमाने, आणि दवाखाने वाटेल तेव्हा चढवतात. मार्चमध्ये सापडलेला माणूस डिसेंबरच्या नोंदींत बसलेला. म्हणजे सगळंच बघायला हवं, एकूण एक.

आणि आज तळाशी बारीक अक्षरात वाचलं — माणूस सापडल्याला एक वर्ष झालं की नोंद पानावरून काढतात. बाबा घरातून गेले गेल्या चार मार्चला. म्हणजे या चार मार्चपासून रोज थोडे थोडे, त्यांच्या वेळचे चेहरे पुसले जाणार.

पंचवीस दिवस. पंचवीस चोक शंभर — हजार चेहरे. अठ्ठावन्न हजारांतले हजार!

९ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघून आणखी चाळीस मिळवले. माझ्या मोबाईलच्या नेटवर आणखी चाळीस. म्हणजे मर्यादा माणसाला नाही, नेटच्या पत्त्याला आहे! डोक्यात किडा वळवळायला लागला.

जेवणाच्या सुट्टीत सर्व्हरवालीकडे गेले. आमच्या विमा कंपनीतली सगळी यंत्रं हीच सांभाळते. पन्नाशीची, चष्मा कायम डोक्यावर, आणि तो सापडत नाही म्हणून आख्ख्या मजल्यावर ओरडत असते. तिला सगळं सांगितलं. डबा खात ऐकत होती. मधेच खायची थांबली.

"साइट पत्ता मोजते, बरोबर. पत्ता बदलला की मोजणी पुन्हा एकपासून."

"किती वेळा बदलता येतो?"

"हवा तितक्या वेळा." मग डब्याचं झाकण मध्ये ठेवून समजावलं. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. आपण त्याच्याकडे मागायचं, तो जाऊन आणतो. साइटला तो दिसतो, आपण दिसत नाही. आणि फिरत्या प्रॉक्सी म्हणजे दर खेपेला मधला माणूस वेगळा. हजारो असतात. भाड्याने मिळतात.

"हे चालतं?"

"चालतं म्हणजे होतं. चालावं का, ते वेगळं." चष्मा शोधायला लागली. मी तिच्या डोक्याकडे बोट दाखवलं.

११ फेब्रुवारी

सर्व्हरवालीने छोटा प्रोग्राम लिहून दिला. जेमतेम पानभर. नोंद उघडायची, फोटो आणि मजकूर उतरवायचा, पुढच्या नोंदीला पत्ता बदलायचा.

मी विचारलं, हे हजारो मधले लोक असतात तरी कोण? म्हणाली, "तुझ्यामाझ्यासारखे. घरातलं नेट. फुकटचं एखादं ॲप घेतात, त्यात हे गुपचूप बसलेलं असतं. त्यांना पत्ताही नसतो की त्यांच्या दारातून कोणी ये-जा करतंय."

वाईट वाटलं. खरंच वाटलं. कोणाच्या तरी घरात पोरं अभ्यास करतायत, आणि मी त्यांच्या दारातून अनोळखी माणसांचे फोटो आणतेय. पण बाबा कुठल्या दारात उभे असतील? त्यांना कोणी विचारलं असेल, आत येता का?

जाताना बजावलं तिने — "एका वेळी एकच नोंद. घाई करायची नाही. ती साइट गरीब आहे, कोणीतरी जुन्या यंत्रावर चालवतंय. आणि प्रोग्राममध्ये वर जागा ठेवलीय, तिथे तुझा मेल लिही. म्हणजे काही झालं तर ते तुला सांगू शकतील."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सुरू केलं. मेल लिहिला नाही.

सकाळी लावून ऑफिसला गेले. घरी आले तर पाटी कुठेच नाही! अकराशे चेहरे. अकराशे!! स्वयंपाकघरातून आईला ओढतच आणलं.

१३ फेब्रुवारी

फोटो जड आहेत, मधली माणसं हळू. एका नोंदीला अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. या वेगाने चार मार्चला जेमतेम सगळं होईल. एक दिवस जरी अडलं तरी संपलं.

बाबा नाहीत.

१५ फेब्रुवारी, रविवार

दादा आला. सात वर्षांनी मोठा, पण हल्ली बाबांपेक्षा थकलेला दिसतो. त्याला दाखवलं, साडेआठ हजार चेहरे. वाटलं होतं, शाबास म्हणेल. तो उभाच राहिला. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही.

"हे कायदेशीर आहे का?"

"फुकटचीच माहिती आहे. सगळ्यांसाठीच ठेवलेली."

"मग दिवसाला चाळीस का देतात?"

मी पुढचा फोटो उघडला. तो आईसमोरच म्हणाला, "किती दिवस हे करणार आहेस? नोकरी, जेवण, झोप — कशाचं तुला भान नाही. थांब आता. आईला तरी सावरू दे."

आई म्हणाली, "मला काय झालंय? मी बघतेय की फोटो."

मग नको तो विषय निघाला. बाबांनी आईला ढकललं होतं त्या वेळचा. तिचं मनगट मोडलं, आणि ते तिच्याकडे बघून विचारत होते, ही बाई आपल्या घरात काय करतेय? तेव्हाच दादाने एक संस्था बघून ठेवली होती. चांगली देखभाल, बाग वगैरे. आई म्हणाली होती, "माझ्या जिवात जीव आहे तोवर ते याच घरात राहतील." मीही तिच्याच बाजूने. दोघींनी मिळून त्याला अगदी नकोसं केलं होतं.

आज म्हणाला, "तेव्हा माझं ऐकलं असतं तर—"

आई ताट घेऊन उठली. तो पाणी न पिता गेला.

भाऊ असून असा कसा? अकरा महिन्यांत एकदा तरी माझ्याबरोबर एखाद्या दवाखान्यात आला असेल तर शपथ! रडतानाही दिसला नाही कधी.

१७ फेब्रुवारी

आज चारदा बंद पडलं. दुपारभरात फक्त नव्वद नोंदी. असं चाललं तर एप्रिल उजाडेल.

खुणांवरून गाळून बघितलं. बाबांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी आहे. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे आयुष्यभर, तरुणपणी एका मोठ्या काट्याखाली बोट सापडलं. ही खूण कोण विसरेल? पण नोंदींत लिहिलंय तरी काय — "खुणा: तीळ." कुठे तीळ? "अंगावर: शर्ट." कसला शर्ट? घाईत लिहिलेलं सगळं. गाळून उपयोग नाही. चेहरेच बघायला हवेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

एकाऐवजी साठ मधली माणसं लावली. एकाच वेळी. प्रोग्राममध्ये एक आकडा बदलायचा होता, बस. सर्व्हरवालीला सांगितलं नाही.

काय वेग! आकडा डोळ्यांदेखत पळतो. बारा हजार, तेरा, चौदा. मी वेड्यासारखी हसत होते.

१९ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते. वहीशिवाय कोणाला सांगणार?

सगळ्यांना माहीत आहे की दाराची कडी उघडी राहिली. मीच सांगितलंय तसं. पोलिसांना, आईला, दादाला.

कडी उघडी नव्हती. आई दवाखान्यात गेली होती, मनगटाचं दाखवायला. बाबा सकाळपासून म्हणत होते, "मला घरी जायचंय." मी म्हणतेय, बाबा, हेच घर. दोन मिनिटांनी पुन्हा. "मला घरी जायचंय, बाई. दार उघडा." पन्नासदा. शंभरदा. मला त्या दिवशी दाव्यांच्या फायली संपवायच्या होत्या. बाई म्हणाले मला! मी उठले, कडी काढली, दार सताड उघडलं आणि म्हटलं, "जा मग."

त्यांनी हात जोडले. "आभारी आहे," म्हणाले. आणि गेले.

मला वाटलं, जिन्यापर्यंत जातील आणि परततील. मी कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. वीस मिनिटं. वीस!

२० फेब्रुवारी

एकतीस हजार. साइट फार हळू झालीय. नोंद अर्धीच उघडते. साठाचे शंभर केले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

साइट बंद. "तांत्रिक कारणामुळे सेवा स्थगित." फक्त एवढंच.

२२ फेब्रुवारी

बंद. उतरवलेल्यांतले उरलेले चेहरे आई आणि मी बघतोय. आई आता शेरे मारत नाही. फक्त "पुढे" म्हणते.

२३ फेब्रुवारी

बंद. पुढे. पुढे. पुढे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मदतीच्या नंबरवर फोन लावला. पाऊण तास वाजत होता. मग एका वयस्क माणसाने उचलला. नोंदवही तेच सांभाळतात, एक मदतनीस बाई आणि ते, बस. अठ्ठावन्न हजार माणसांना दोघं!

मी साळसूदपणे विचारलं, साइट कधी सुरू होईल?

"सांगता येत नाही हो. कोणीतरी हल्ला केलाय. हजारो पत्त्यांवरून एकदम. कुठला म्हणून अडवू? एक अडवला की दुसरा. शेवटी यंत्रच बसलं."

"पण माहिती तर सगळ्यांसाठीच आहे ना?"

"आहे की. म्हणून तर चाळीसची मर्यादा. सगळ्यांना मिळावी म्हणून."

ते आपले बोलत राहिले. थकलेल्या माणसाला कोणीतरी ऐकणारं मिळालं की तो बोलतो, तसं. म्हणाले, लोकांना वाटतं नुसतं बघणं बंद आहे. पण त्याच यंत्रावर दवाखाने नव्या नोंदी चढवतात. तेही बंद. एक बाई रोज फोन करत होत्या, नवरा हरवलेला, वर्णन अगदी बारकाईने सांगायच्या. तो माणूस त्यांच्याच शहरात एका दवाखान्यात होता. चार दिवस नोंद चढलीच नाही. काल दवाखान्याने कागदावर कळवलं, तेव्हा जुळलं.

"मग भेटले?"

"परवा सकाळी गेले ते. नावाशिवायच." मग म्हणाले, "तुमचं कोण आहे, ताई?"

मी फोन ठेवला.

२५ फेब्रुवारी

ऑफिसला गेले नाही. आईने दोनदा दार वाजवलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सर्व्हरवालीला सगळं सांगितलं. साठ, शंभर, त्या बाईचा नवरा. वाटलं होतं, फाडून खाईल. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळत राहिली. "प्रोग्राम मी लिहिलाय," एवढंच म्हणाली. मग फोन माझ्याकडे सरकवला.

तिच्यासमोरच लावला. नाव सांगितलं, नोकरी सांगितली, पत्ता सांगितला. "हल्ला मी केला. माझे वडील हरवलेत."

पलीकडून कागद बाजूला सारल्याचा आवाज आला.

"किती उतरवल्यात?"

"एकतीस हजार."

"मिळाले?"

"नाही."

मला शिव्या हव्या होत्या. ओरडा म्हणावंसं वाटत होतं. ते म्हणाले, "अहो, एक अर्ज करायचा होता. घरच्यांना सगळी यादी आम्ही डिस्कवर पाठवतो. सातवा नियम आहे."

"नियम कोण वाचतं!" — माझ्या तोंडून गेलं. काय बोलले मी हे!

"मीच लिहिलेत," म्हणाले. "चौदा वर्षांपूर्वी. खरंच कोणी वाचत नाही."

त्यांना हे सगळं वर कळवावं लागेल. माझ्या नावासकट. मी हो म्हटलं. त्या बाईंचा नंबर मागितला, तो दिला नाही. "त्यांना आत्ता तुमचं ऐकायला लावू नका. तुम्हाला हलकं वाटेल, त्यांना नाही." खरं आहे. शेवटी म्हणाले, "अर्ज मात्र करा. शिक्षेचा आणि अर्जाचा संबंध नाही. हरवलेल्या माणसाच्या बायकोची सही लागेल, किंवा मोठ्या मुलाची."

फोन ठेवल्यावर सर्व्हरवालीने तिच्या डब्यातलं अर्धं मला वाढलं. खाल्लं. आठवड्याने नीट जेवले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दादाला सहीसाठी बोलावलं, फोनवरची कबुलीही सांगितली. अर्ज वाचला त्याने. दोनदा वाचला. "सगळी यादी पाठवतात? सगळी?"

हो म्हटलं.

"आता कशाला? गुन्हा कबूल करून बसलीस, तेवढं पुरे नाही? आणखी कागदोपत्री अडकायचंय?" अर्ज त्याने टेबलावर उलटा करून ठेवला. मला कळेचना — घाबरलाय कशाला? म्हटलं, अडकले तर मी अडकेन.

"मी सही करणार नाही."

"बाबा तुझेही आहेत ना रे?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं — मला वाटलं आता मारतो. मग बाहेर जाऊन बसला, जिन्यातच, बुटांच्या लेस बांधत. कितीतरी वेळ बांधत होता.

सही आईने केली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून. अजून दुखतं तिला.

४ मार्च, बुधवार

वर्ष झालं.

६ मार्च, शुक्रवार

डिस्क आली. कुरियरवाल्याने दारात सही घेतली, मी त्याला पाणी विचारायचंही विसरले. डिस्कवर दोन कप्पे — चालू नोंदी आणि मिटलेल्या नोंदी. सोबत नोंदवहीवाल्यांची चिठ्ठी, हाताने लिहिलेली. "मिटलेल्या म्हणजे ज्यांना घरच्यांनी नेलं. त्या साइटवर दिसत नाहीत. तुमच्या कामाच्या नाहीत, पण नियमाप्रमाणे पाठवाव्या लागतात. घाई करू नका."

ऑफिसात रजा टाकली. आई आणि मी चालू नोंदी घेऊन बसलोय.

७ मार्च, शनिवार

चालू नोंदी संपल्या. शेवटची एक म्हातारी, पिवळ्या शालीतली. तिच्यापुढे काही नाही. आईने विचारलं, "झालं?" झालं म्हटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि भांडी घासायला गेली. नळ चालू होता. भांड्यांचा आवाज काही येत नव्हता.

बाबा कुठल्याच दवाखान्यात पोहोचले नाहीत. मग कुठे? ते लिहवत नाही.

आज पहिल्यांदा वाटलं, दादाचंच बरोबर. थांबायला हवं होतं.

८ मार्च, रविवार

आई झोपली होती. हाताला चाळा म्हणून मिटलेल्या नोंदी उघडल्या. त्यांत फोटो नसतात, नुसत्या ओळी.

गेल्या वर्षी, तेरा मार्च. पुरुष, अंदाजे सत्तर. ओळख पटली. ताब्यात घेणारा: मुलगा. पुढे दादाचं पूर्ण नाव. दादाचा मोबाईल नंबर. खाली एका संस्थेचा फोन.

लावला. कोणा बाईने उचलला. बाबांचं नाव सांगितलं.

"हो, आहेत की! आत्ता बागेत उन्हात बसलेत. तब्येत छान आहे. मुलगा येतो ना नेमाने, तासन्‌तास बसतो शेजारी. तो तर म्हणाला होता, त्यांचं दुसरं कोणीच नाही. — तुम्ही कोण?"